लाकडाची खोली बांधायची तर आधी पाण्याचा हिशेब

नाशिकजवळच्या गिरणारे गावापाशी आमच्या शेतात मी लाकडाची एक खोली बांधली. १० फूट रुंद, दोन खण लांब, पुढे ओटी, वर मंगलोरी कौलं. निम्मं लाकूड जुन्या नाशकातल्या आजोळच्या वाड्याचं, वाडा उतरवला तेव्हा जपून ठेवलेलं. उरलेलं नवं. ती उभी राहिल्यापासून येणारा प्रत्येक जण विचारतो, लाकूड कुठलं वापरलं, पॉलिश कुठलं केलं, खर्च किती आला. पाऊस पडल्यावर पाणी कुठे जातं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. खरं तर लाकडाच्या बांधकामातला पहिला आणि शेवटचा प्रश्न तोच आहे. झाडात असतं ते पाणी, सुकवताना जातं ते, हवेतून परत येतं ते, जमिनीतून चढतं ते आणि वळचणीवरून गळतं ते. ज्यांना पहिल्यांदाच लाकडात काहीतरी बांधायचं आहे, त्यांच्यासाठी मी शिकले ते क्रमाने लिहिते आहे.

लाकूड कशासाठी, हे आधी थोडक्यात. कोरड्या लाकडाच्या वजनातला जवळपास निम्मा भाग कार्बनचा असतो आणि तो झाडाने हवेतून ओढून घेतलेला असतो. सुकलेल्या सागवानाचा एक घनमीटर साधारण साडेसहाशे किलो भरतो, म्हणजे हवेतला एक टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड त्यात बंदिस्त असतो. सिमेंटचं उलट आहे. चुनखडी साडेचौदाशे अंशांच्या आसपास भाजावी लागते. त्यासाठी जळण लागतं आणि शिवाय खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पण लाकूड वापरलं की काम आपोआप पर्यावरणाचं झालं, असं मी मानत नाही. तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरं वाढायला हवं आणि आपण वापरलेलं लाकूड निदान तेवढी वर्षं तरी टिकायला हवं. सात वर्षांत कुजलेला खांब आपला सगळा कार्बन हवेला परत करतो आणि त्याच्या जागी आणखी एक झाड मागतो. म्हणून लाकूड कोरडं ठेवणं हाच माझ्या मते शाश्वत बांधकामाचा खरा अर्थ आहे.

जगात या विषयात मोठं काम चाललं आहे. नॉर्वेत म्योसा तलावाकाठी २०१९ मध्ये १८ मजल्यांची, ८५.४ मीटर उंच लाकडी इमारत पूर्ण झाली. अमेरिकेत मिलवॉकीला २०२२ मध्ये २५ मजली झाली, तिचे खालचे मजले काँक्रीटचे आणि वरचे लाकडाचे. फळ्यांचे थर एकमेकांना आडवे चिकटवून केलेले भिंतीएवढे जाड तक्ते आणि पट्ट्या चिकटवून केलेल्या अवाढव्य तुळया, हे त्यामागचं तंत्र. आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या कामांत लाकूड वापरायला घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली, त्यामुळे इथेही हालचाल सुरू आहे. मात्र नॉर्वेतल्या इमारतीचे फोटो घेऊन थेट सुताराकडे जाऊ नका. तिथे वाळवी नाही आणि आपल्यासारखा चार महिने कोसळणारा आणि मग चाळीस अंशांवर भाजून काढणारा हवामानाचा फेराही नाही. आपली शाळा जवळच आहे.

पहिली पायरी: वाडे बघायला जा

नाशिकच्या सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा आणि चांदवडचा होळकरांचा रंगमहाल या दोन्ही ठिकाणी एकेक दिवस काढा. नक्षी पाहून झाली की नजर खाली आणा. खांब जमिनीत पुरलेला नाही. तो दगडी बैठकीवर उभा आहे आणि ती बैठक फरशीच्या वर आली आहे. नंतर वर बघा. तुळईवर आडव्या बारीक कड्या, कड्यांवर फळ्यांचे पाट, खांबाच्या माथ्यावर भार पसरवणारे हस्त. बाहेर आलात की वळचण किती पुढे आली आहे ते डोळ्यांनी मोजा.

मग जुन्या नाशकात, भद्रकालीत, पंचवटीत पडायला आलेले वाडेही बाहेरून बघा. आत शिरू नका. दर पावसाळ्यात एखादा वाडा कोसळल्याची बातमी येते आणि लोक म्हणतात, लाकूड जुनं झालं. पण नीट पाहिलं तर बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते. कौलं फुटली, ती कुणी बदलली नाहीत, पाणी भिंतीत मुरत राहिलं आणि तुळईचं भिंतीत गाडलेलं टोक आतल्या आत सडलं. मधली तुळई ठणठणीत असते, टोकाचा मात्र भुगा झालेला असतो. आजोळचा वाडा उतरवताना आम्हालाही हेच दिसलं. बारा तुळयांपैकी नऊ तुळया टोकं कापून टाकल्यावर नव्यासारख्या निघाल्या.

गोदावरीला ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये मोठे पूर आले, सगळं शहर दुतोंड्या मारुतीकडे बघत होतं, नदीपात्रातल्या ज्या मूर्तीवरून पुराची पातळी ओळखतात तिच्याकडे. नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, खांब भिजले. पण भिजून वाळलेल्या लाकडाचं फारसं बिघडत नाही. कुजवणारी बुरशी लाकडात ओल वीस टक्क्यांच्या खाली असली की वाढत नाही. तिला सतत ओल लागते. म्हणून लाकूड एकदाही भिजू नये असा हट्ट धरू नका. भिजलं तर लवकर वाळलं पाहिजे, एवढी सोय करा.

दुसरी पायरी: लहान सुरुवात, आणि कागदपत्रं

पहिलं काम अख्ख्या घराचं नको. ओटी, गच्चीवरची खोली, शेतावरची एक खोली, नाहीतर जुन्या घराचं छप्पर, एवढंच घ्या. लाकडाच्या चुका एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्याशिवाय दिसत नाहीत. त्या लहान जागेत दिसलेल्या बऱ्या.

शहरात असाल तर महापालिकेची बांधकाम परवानगी लागते. शेतावर असाल तर शेतघराचे नियम वेगळे आहेत. लाकडाचं आहे, हलकं आहे, म्हणून परवानगी नको, असा समज करून घेऊ नका. गच्चीवर बांधायचं असेल तर खालच्या इमारतीला तो भार आणि वाऱ्याचा झोत पेलेल का, हे अभियंत्याकडून लेखी घ्या. अभियंत्याला इतकंच सांगा की लाकडी बांधकामाच्या रचनेचं भारतीय मानक आयएस ८८३ हे आहे. महाविद्यालयात पोलाद आणि काँक्रीटच जास्त शिकवलं जातं, त्यामुळे काही जण लाकूड म्हटलं की बिचकतात. जो मानक काढून वाचायला तयार होईल, तोच आपला माणूस.

तिसरी पायरी: जागा

नाशिक म्हणजे एकच हवामान नाही. शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्र्यंबकला दोन हजारांच्या वर, इगतपुरीला तीन हजारांच्या वर. सिन्नरकडे शहराहूनही कमी. सिन्नरला चालणारी दोन फुटांची वळचण इगतपुरीला अपुरी पडते आणि इगतपुरीत जुलैभर हवाच इतकी दमट असते की पश्चिमेची भिंत कधी वाळतच नाही. पावसाचा मारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. आमच्या खोलीची ती बाजू दगडाची आहे, लाकूड बाकी तीन बाजूंना. हे लाकूड वाचवण्यासाठी केलं, पण दुपारचं ऊनही त्या भिंतीनेच अडवलं.

शक्य असेल तर एक पावसाळा नुसती जागा बघा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, झाडाची सावली कुठल्या कोपऱ्यावर दिवसभर राहते. जिथे शेवाळं धरतं, तिथे खांब नको.

चौथी पायरी: कुठलं लाकूड

सर्वांत चांगलं लाकूड म्हणजे आधीच कापलेलं, सुकलेलं, वाड्यातून निघालेलं. त्यासाठी नवं झाड पडत नाही आणि त्याला जे वाकायचं, तडकायचं होतं ते कधीच होऊन गेलेलं असतं. फक्त चार गोष्टी तपासा. चुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर करवतीचं पातं जाईल आणि माणसालाही इजा होईल. जुन्या सालींची, म्हणजे जोडासाठी पाडलेल्या खाचांची, भोकं कुठे आहेत ते बघा, कारण तिथे लाकडाची ताकद कमी झालेली असते. भुंग्याची बारीक छिद्रं असतील तर लाकूड ठोकून खाली कागद धरा. ताजी पिवळसर भुकटी पडली तर किडा अजून आत आहे. आणि जुने तेलरंग खरवडताना तोंडाला मास्क लावाच, त्यात शिसं असू शकतं.

नव्यात साग पहिला. पेठ, सुरगाणा आणि पलीकडे डांग, हा सगळा सागाचाच पट्टा. डांगचं जंगल इंग्रजांनी १८४२ मध्ये भाडेपट्ट्याने घेतलं, ते मुंबईच्या जहाजांना साग हवा होता म्हणून. साग कमी फुगतो, कमी आकसतो आणि त्याच्या गाभ्यातल्या तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. हे गुण फक्त गाभ्याचे. बाहेरचा पांढुरका भाग वाळवी आनंदाने खाते. लवकर वाढवलेल्या परदेशी सागात हा पांढरा भाग जास्त असतो. ‘बर्मा’ म्हणून काही दाखवलं तर कागद मागा. म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे.

सगळंच सागात करायची गरज नाही. कड्यांना ऐनाचं लाकूड चांगलं, फक्त ते कठीण असतं आणि नीट सुकवलं नाही तर तडकतं. बाभूळ चिवट आहे, बैलगाडीची चाकं तिचीच होत. शिवणीचं लाकूड हलकं आणि स्थिर, दारांच्या फळ्यांना बरं. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं पण किडा लगेच लागतो, ते कायमच्या कामात घालू नका. निलगिरी पिळते आणि फाटते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमधून निघणारं पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनवुड अनेक नवखे घेतात. त्यावर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबीचं घेऊ नका. एचटी चालेल, पण त्याचा अर्थ समजून घ्या. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान अर्धा तास राखलं, एवढंच. त्याने त्या वेळचे किडे मेले. लाकूड सुकलं किंवा पुढे वाळवी लागणार नाही, असं त्यातून ठरत नाही. आतल्या भिंतीला, कपाटाला वापरा. भार घेणाऱ्या कामाला नको.

बांबू हा वेगळा विषय आहे. २०१७ मध्ये वन कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून तो वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडणं, नेणं सोपं झालं. ओटीच्या छताला तो सुंदर दिसतो. मात्र प्रक्रिया न केलेला बांबू वापरू नका, त्याला भुंगा फार लवकर लागतो.

पाचवी पायरी: वखारीत

वखारीत एकटे जाऊ नका, तुमचे सुतारमिस्त्री बरोबर असू देत. पण हिशेब तुम्हाला स्वतःला यायला हवा. चिरलेलं लाकूड घनफुटात विकतात. फुटांत लांबी, गुणिले इंचांत रुंदी, गुणिले इंचांत जाडी, भागिले १४४. ८ फूट लांब, ५ बाय ३ ची चौकट म्हणजे १२० भागिले १४४, साधारण ०.८३ घनफूट. ओंडका घेत असाल तर रीत वेगळी. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. ४ फूट घेर आणि १० फूट लांबी असेल तर १० घनफूट. खरं माप पावणेतेराच्या आसपास येतं, म्हणजे ही रीत ग्राहकाला थोडं झुकतं माप देते. पण आरागिरणीत साल, पांढरं आणि भुसा गेल्यावर हातात उरतं ते बरंच कमी, हे धरूनच चाला. चिरलेलं घ्यायचं की ओंडका, हे त्या हिशेबावर ठरवा. पहिल्या कामाला मी चिरलेलंच घ्या म्हणेन.

प्रत्येक नग उचलून लांबीतून एक डोळा मिटून बघा. पीळ असेल तर लगेच कळतो. टोकाच्या वर्तुळांकडे बघा. ओंडक्याचा अगदी मधला गाभा त्या नगात आला असेल तर तो हमखास तडकणार. गाठ असेल तर ती फळीच्या कडेला आहे की मध्ये, ते बघा. तुळईच्या खालच्या कडेची गाठ सर्वांत वाईट, कारण तुळई वाकते तेव्हा ताण तिथेच येतो.

बिल घ्या आणि वन विभागाच्या वाहतूक परवान्याची चौकशी करा. स्वतःच्या बांधावरचा साग तोडायलाही राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते. शहरातल्या झाडांना १९७५ चा वेगळा कायदा आहे. कागद नसलेलं स्वस्त लाकूड कुठल्या तरी डोंगरावरून चोरून आलेलं असतं. अशा लाकडाचं घर बांधून आपण जंगल वाचवतो आहोत, असं म्हणता येणार नाही.

सहावी पायरी: सुकवणं

इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझं सर्वांत मोठं नुकसान इथेच झालं.

नव्या दोन दारांच्या चौकटींसाठी मी नोव्हेंबरात एका वखारीतून साग घेतला. पूर्ण सुकलेला आहे, असं सांगितलं होतं आणि मी विश्वास ठेवला. चौकटी जानेवारीत बसल्या. एप्रिल उजाडला तसं एक दार घासायला लागलं, दुसऱ्याच्या चौकटीला वरून खालपर्यंत चीर गेली आणि जोडात बोट जाईल एवढी फट पडली. दोन्ही चौकटी काढाव्या लागल्या. मिस्त्रीकाका एवढंच म्हणाले, “ताई, लाकूड मेलेलं नसतं. त्याला आपल्या घरात येऊन वाळायचं होतं, ते तुम्ही भिंतीत कोंडून वाळवलंत.”

होतं काय, ते समजून घ्या. ओल्या लाकडातलं पोकळीतलं पाणी आधी जातं, तोवर लाकूड आकसत नाही. ओल तीस टक्क्यांच्या खाली आली की पेशींच्या भिंतींतलं पाणी जायला लागतं आणि तिथून पुढे आकसणं सुरू होतं. लांबीत ते जवळजवळ नाहीच. वर्तुळांच्या दिशेने मात्र गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट. दोन दिशांना वेगळं आकसतं म्हणूनच लाकूड पिळतं आणि तडकतं.

सुकल्यावरही ते हवेबरोबर श्वास घेत राहतं. आपल्या कोरड्या एप्रिलमध्ये त्याची ओल सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरते, ओल्या ऑगस्टमध्ये पंधरा-सोळापर्यंत चढते. सहा इंची सागाची फळी एवढ्या फरकाने दोन मिलिमीटरच्या आसपास फुगते. दहा फळ्या अंगाला अंग लावून ठोकल्या तर दोन सेंटिमीटर जायला जागा हवी, नाहीतर भिंत फुगून बाहेर येते. म्हणून लाकूड दहा-बारा टक्क्यांवर असताना बसवायचं आणि फळ्यांमध्ये जागा सोडायची.

ओल मोजायला दोन टोकांचं मीटर मिळतं, ते घ्याच. नसेल तर घरगुती रीत अचूक आहे, थोडी वेळखाऊ. फळीच्या टोकापासून फूटभर आतला एक लहान तुकडा कापा, लगेच वजन करा. सराफाकडच्या काट्यावर केलं तर उत्तम. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर काही तासांनी पुन्हा वजन करा. २३० ग्रॅमचा तुकडा २०० वर थांबला तर ३० भागिले २००, म्हणजे ओल १५ टक्के. अजून थांबायला हवं.

थप्पी लावायची रीत अशी. जमिनीपासून दीड फूट उंच, सावलीत, वारा आरपार जाईल अशी जागा. फळ्यांच्या दर दोन थरांमध्ये इंचभर जाड पट्ट्या, दीड-दोन फुटांवर आणि सगळ्या पट्ट्या एका ओळंब्यात. पट्टी पुढेमागे झाली तर फळी तिथेच वाकून सुकते. फळ्यांच्या टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. टोकातून पाणी सर्वांत वेगाने जातं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. वर पत्रा आणि पत्र्यावर दगड. उघड्या उन्हात ठेवून ‘लवकर वाळवणं’ म्हणजे लाकूड फाडणं. जुनी समजूत इंचाला एक वर्ष अशी आहे. आपल्या कोरड्या आठ महिन्यांत ते लवकर होतं, पण मीटर सांगेल तेच खरं. घाई असेल तर भट्टीत सुकवलेलं घ्या आणि तरीही स्वतः मोजा.

सातवी पायरी: वाळवी आणि किडा

पहिल्या वळवानंतर दिव्याभोवती पंख फुटलेली वाळवी गोळा होते, तेव्हा समजा की आसपास वारूळ आहे. जमिनीतल्या वाळवीला वर चढायला मातीची नळी बांधावी लागते. ती नळी आपल्याला दिसेल अशी रचना करणं हा निम्मा बंदोबस्त. जोतं दीड फूट उंच, त्याला गिलावा न केलेला दगड, लाकूड त्याच्या वर आणि चारही बाजूंना हातभर मोकळी, स्वच्छ पट्टी. जोत्याला टेकून झाडं, फाटी, विटांचा ढीग, काही नको. पाया भरतानाच जमिनीवर वाळवीरोधक प्रक्रिया परवानाधारक माणसाकडून करून घ्या. त्याचं मानक आयएस ६३१३.

आतल्या कोरड्या लाकडाला बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स एकास दीड प्रमाणात घेऊन पाण्यात पाच टक्क्यांचं द्रावण करून पाजा. हे माणसाला तुलनेने निरुपद्रवी आहे, पण पावसाने धुऊन जातं, म्हणून बाहेरच्या लाकडाला उपयोगाचं नाही. बाहेरच्या कामाला दाबाने औषध आत भरलेलं लाकूड घ्या किंवा सागाचा निव्वळ गाभा वापरा. ब्रशने वरवर फासलेलं औषध वरच्या पापुद्र्यातच राहतं. औषध देण्याआधी सगळी कापाकापी, भोकं पाडून घ्या. नंतर कापलं की कोरी जागा उघडी पडते.

आठवी पायरी: खांबाचा पाय

एकच गोष्ट नीट करायची असेल तर ही करा. खांब काँक्रीटमध्ये गाडू नका. काँक्रीट आणि लाकूड यांच्यात केसाएवढी फट पडतेच, तिच्यात पाणी उतरतं आणि तिथून बाहेर यायला वाट नसते. खांबाचं आडवं कापलेलं टोक बाजूंपेक्षा कितीतरी पटीने पाणी ओढतं. गॅल्व्हनाइज केलेल्या पोलादाचा बूट करून घ्या, तो जोत्यात बोल्टने पक्का आणि खांबाचं टोक दगडाच्या वर दीड इंच अधांतरी. पाणी आलं तरी खालून वारा लागतो. वाड्याच्या दगडी बैठकीचंच हे आजचं रूप. त्यात एक भर मात्र हवीच. वाड्याचं छप्पर जड होतं, ते स्वतःच्या वजनाने बसायचं. आपली खोली हलकी, वादळात छप्पर वर उचललं जाऊ शकतं. म्हणून छपरापासून तुळई, तुळईपासून खांब, खांबापासून जोतं, अशी सलग बांधणी बोल्टने आणि पट्ट्यांनी झाली पाहिजे.

तुळई नेहमी उभी, म्हणजे रुंद बाजू वर-खाली. २ बाय ६ ची कडी उभी ठेवली तर आडवीपेक्षा तिप्पट भार घेते आणि वाकते एक नवमांश. आमच्या १० फुटी गाळ्याला अभियंत्याने २ बाय ७ च्या कड्या १६ इंचांवर दिल्या. तुमचं माप तुमच्या अभियंत्याकडूनच घ्या. कडीला खालून खाच पाडू नका, वायरसाठीसुद्धा नाही.

साल (खाच) पाडून तिच्यात कुसू (लाकडाचं कोरलेलं टोक) बसवणारा मिस्त्री मिळाला तर त्याला चांगले पैसे द्या आणि घाई करू नका. नाहीतर बोल्ट, प्लेट चालतील. सागाला साधा लोखंडी खिळा ओलाव्यात काळे डाग पाडतो. गॅल्व्हनाइज किंवा स्टेनलेस स्क्रू घ्या, आधी भोक पाडा आणि रुंद फळीला एका कडेचं भोक लांबट ठेवा, म्हणजे ती हलू शकते. तुळईचं टोक दगडी भिंतीत जातं तिथे तीन बाजूंना बोटभर मोकळी जागा सोडा. आजोळच्या वाड्याच्या तुळयांना एवढीच जागा मिळाली असती तर त्यांची टोकं आजही शाबूत असती.

नववी पायरी: छप्पर, तेल, आग

कौलांना पंचवीस-तीस अंशांचा उतार, वळचण तीन फूट, खाली पन्हळ. पन्हळ नसेल तर पागोळ्या जिथे पडतात तिथे खडीचा पट्टा टाका, म्हणजे चिखल उडून भिंतीवर येत नाही. बाहेरच्या फळ्या भिंतीला थेट ठोकू नका. मागे इंचभर पोकळी सोडा, वरून-खालून जाळी लावा.

बाहेरच्या लाकडाला चकचकीत जाड थर देऊ नका. तो उन्हाने तडकतो, पाणी आत जातं आणि थराखाली अडकतं. आत मुरणारं तेल बरं, दरवर्षी पुन्हा हात फिरवता येतो. अळशीचं तेल वापरलं तर तेलाच्या चिंध्या चुरगाळून कधीही टाकू नका. त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

आगीची भीती सगळेच घालतात. जाड लाकूड बाहेरून मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर कोळसा होत जळतं आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ सांभाळतो. सहा इंची खांबाला म्हणूनच वेळ मिळतो. पातळ फळ्यांना, पडद्यांना नाही. वायरिंग पाइपातूनच, मेन स्विच चांगल्या प्रतीचा, चूल आणि गॅस दगडी भिंतीकडे.

दहावी पायरी: वर्षभराची कामं

मेच्या दुसऱ्या आठवड्यात शिडी लावून कौलं बघायची, फुटलेली बदलायची, पन्हळीतली पानं काढायची. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन बाहेर उभं राहायचं आणि पाणी लाकडाला कुठे कुठे लागतं तिथे खडूने खूण करायची. ऑगस्टात मीटर घेऊन खांबांच्या पायाशी ओल मोजायची. वीसच्या वर असेल तर कारण शोधायचं, बहुतेक वेळा ते वाढलेलं गवत किंवा तुंबलेली पन्हळ असते. दसऱ्याच्या आसपास पाऊस संपला की जोत्याभोवती फिरून मातीच्या नळ्या शोधायच्या. दिसली तर नुसती पुसून टाकू नका. ती कुठून वर आली ते मुळापर्यंत बघा आणि औषधवाल्याला त्याच आठवड्यात बोलवा. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत तेलाचा हात द्या आणि जूनमध्ये केलेल्या खडूच्या खुणा त्याच वेळी दुरुस्त करा, तिथे वळचण वाढवायची असेल तर तोच मुहूर्त.